हाफटाइमला बाजू बदलायची

शनिवारी संध्याकाळी आमच्या डोक्यावर कोणीतरी पाय आपटायचं.

मनीषनगरातला आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. घर घेताना बिल्डर छातीठोकपणे म्हणाला होता, वर फक्त गच्ची, एकदम शांतता. डोंबलाची शांतता! मी बातम्या लावून बसलो की वर धप धप सुरू. काही शनिवार सोसलं. मग एकदा पायात चपला अडकवल्या, शुभांगीला म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना म्हटलं, “पाहूनच येतो कोण लागून गेला तो,” आणि भांडायच्या पूर्ण तयारीनं जिना चढलो.

ऑक्टोबर होता. अंधार पडला तरी गच्चीचं सिमेंट तापलेलंच होतं. कठड्याशी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात निळा-पांढरा लोकरीचा मफलर. नागपूरच्या ऑक्टोबरात! कठड्यावर दोन कुंड्यांच्या मधे टॅब टेकवलेला. त्यात भर दुपार होती आणि हिरव्या उतारावर चिमुकली माणसं बॉलमागे धावत होती. मी घसा खाकरला. बाईंनी मागे न पाहताच हात वर केला.

“गप उभे राहा जी जरा. कॉर्नर आहे.”

मी गप उभा राहिलो. का राहिलो ते मला विचारू नका. त्या आवाजापुढे भलेभले उभे राहिले असते. कॉर्नर वाया गेला. बाईंनी “माय वं!” म्हणून कपाळाला हात लावला आणि पुन्हा पाय आपटायला लागल्या.

“पाय काहून आपटता जी?” मी विचारलं.

“थंडी आहे न तिथं,” त्या म्हणाल्या.

आता या उत्तरावर माणसानं भांडावं तरी कसं? तेवढ्यात त्यांनी फ्लास्कच्या झाकणात काहीतरी ओतलं, स्वतः दोन घोट घेतले आणि झाकण माझ्या हातात दिलं. सावजी रस्सा होता. नुसता रस्सा, मिरपुडीचा जाळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण संपवला. बाई माझ्याकडे क्षणभर वेगळ्याच नजरेनं पाहत राहिल्या. त्या नजरेचा अर्थ मला फार उशिरा कळला.

यमुनाताईंशी माझी ओळख झाली ती अशी. तळमजल्यावर नुकत्याच राहायला आल्या होत्या. एकट्या. त्याआधी सगळी नोकरी धंतोलीतल्या एका मोठ्या दवाखान्यात, शेवटी मेट्रन म्हणून. “ब्रेक पाहिल्याशिवाय पेशंटले हात नाही लावाचा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पलंगांची चाकं त्यांच्या धाकानं जागच्या जागी थिजत असावीत. आणि त्याच्याही आधी, अगदी तरुणपणी, त्या नर्सिंगसाठी स्कॉटलंडला होत्या. इन्व्हरकॉरी नावाच्या समुद्राकाठच्या एका लहानशा गावात.

त्या गावाला एक फुटबॉल क्लब होता. होता म्हणजे काय, शेवटून मोजला तर लगेच सापडेल असा. खेळणाऱ्यांत एक नळ दुरुस्त करणारा, एक मास्तर, एक पोस्टमन. मैदानाच्या नावात ‘कुरण’ अशा अर्थाचा शब्द होता म्हणून ताई त्याला कुरणच म्हणायच्या. कुरण एका बाजूला उतरतं होतं. टेकडीकडचा गोल वर, समुद्राकडचा खाली. “उतारावर दोन गोल झाले तरी खरे नाही मानाचे,” ताई सांगायच्या, “चढावर एक झाला त खरा.”

त्या मॅचभर बसत नसत. कुरणावर उभं राहून पाहायची रीत, म्हणून गच्चीवरही उभ्याच. आणि हाफटाइमला बाजू बदलायची! ही खरी गंमत. तिथले लोक म्हणे आपली टीम ज्या गोलवर चढाई करते त्याच्यामागे जाऊन उभे राहतात. मध्यंतरानंतर टीमच्या बाजू बदलल्या की सगळं गाव, म्हातारेकोतारे, फ्लास्क-पिशव्या घेऊन मैदानाला वळसा घालून पलीकडे जातं. तसंच ताईंचं. आमच्या गच्चीवर जिन्याकडे टेकडी आणि पाण्याच्या टाकीकडे समुद्र. हाफटाइम झाला की टॅब काखोटीला मारून ताई कपडे वाळत घालायच्या तारांखालून वाकत टेकडीवरून समुद्राकडे जायच्या.

“इथल्या इथं कशाला हो?” मी एकदा म्हटलं. “टॅब तर तोच आहे.”

“भाऊ, गोल जिकडे होणार तिकडे आपुन आधीच जाऊन उभं राहाचं. मंग नाही झाला तरी चालते. आपुन त होतो न तिथं!”

हळूहळू माझे शनिवार गच्चीवर जायला लागले. शुभांगी म्हणायची, “जा, तुमचं स्कॉटलंड आलं.” मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी जायचो ताईंच्या बोलण्यासाठी. सोनेगावला उतरणारं विमान डोक्यावरून खाली खाली जायचं, पलीकडे वर्धा रोडवर मेट्रोचे उजेड सरकायचे, आणि त्या चौकटीतली दुपार काही केल्या मावळायची नाही. ताई अर्धवट स्वतःशीच बोलायच्या. एका क्लबच्या मैदानाला भिंतीऐवजी नुसतं झाडांचं कुंपण होतं, बॉल त्यात घुसला की पाखरं उडायची. एक मैदान समुद्राला इतकं चिकटून की वाऱ्याच्या दिवशी गोलकीपरनं मारलेला बॉल फिरून त्याच्याच डोक्यावर यायचा. अशा गावोगावच्या मैदानांवर ताई घरमालकिणीबरोबर बस बदलत जायच्या, हरायच्या आणि तळलेल्या मासळीच्या वासात परत यायच्या.

“आपल्याकडे दिवस बुडून राहिला अन् तिथं अजून दुपार आहे,” त्या म्हणायच्या. “माह्यापाशी एक दुपार शिल्लकच असते बाप्पा.”

आई आजारी पडली म्हणून त्या इन्व्हरकॉरीहून परत आल्या आणि मग इथल्याच झाल्या. मधली कित्येक वर्षं ना टॅब होता ना इंटरनेट. होता एक रेडिओ. शनिवारी लंडनहून सगळे निकाल वाचून दाखवत. मोठे क्लब आधी, आपलं कुरण अगदी तळाशी. तोवर आवाज खरखरायला लागायचा. पण वाचणाऱ्याची लकब अशी, की दुसऱ्या टीमचं नाव घेताना त्याचा सूर चढला की पडला यावरून, आकडा ऐकू आला नाही तरी, जिंकलो की हरलो ते ताईंना कळायचं. “अर्ध्या वेळा त मी नुसता सूरच आइकला,” त्या म्हणायच्या.

एकदा जानेवारीत गच्चीवर खरंच थंडी होती. मीही पाय आपटत होतो. कशावरून विषय निघाला आठवत नाही, मी विचारलं, “ताई, इतके क्लब असताना हाच काहून धरून बसल्या?”

त्यांनी टॅबवरची नजर काढली नाही. “मी इथल्याच इंदोऱ्याची पोरगी. माहे मायबाप बुद्धाच्या वाटेनं आले तेव्हा मी कडेवर होती. माही माय तिच्या गावात ओंजळ धरून विहिरीपाशी उभी राहे, लोकं वरून पाणी टाकत. आम्हाले हे सांगता सांगता ती हात असे जोडून धरे. मी तिकडं गेली, पह्यल्याच शनिवारी घरमालकीण, जीनी तिचं नाव, तिनं माह्या गळ्यात हा मफलर टाकला न् कुरणावर नेलं. निळा रंग पाहून माहा जीव जरा थाऱ्यावर आला. थंडीनं दात वाजून राहिले होते. बाजूले एक म्हातारा, खाणीतला. त्यानं फ्लास्कचं झाकण भरून मले देल्लं. मी अर्धं पेली, वापस देल्लं. त्यानं झाकण पुसलं नाही भाऊ. तसंच तोंडाले लावलं. त्याचं माह्याकडे लक्षही नव्हतं, तो मॅच पाहून राहिला होता.”

मी पाय आपटायचं थांबवलं.

“सगळे काही देव नव्हते तिथं,” त्या म्हणाल्या. “बसमधे माह्या बाजूची सीट रिकामीच राहे. पण कुरणावर निळा मफलर घातला की साऱ्या शिव्या रेफरीले. त्या म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं न, तेच मले भल्लं आवडलं.”

मग मला आमची पहिली भेट आठवली, ते रस्स्याचं झाकण आणि ती नजर. माझंही तेव्हा लक्ष नव्हतं. मला भांडायचं होतं.

मार्चमध्ये बातमी आली. कुरण विकलं. क्लब गावाबाहेर नव्या मैदानावर जाणार, इथे घरं बांधणार. मे महिन्यात शेवटची मॅच. ताई ऐकून हसल्या. “म्हणजे तिथंही मनीषनगर होणार म्हणा.” पण त्या दिवशी हाफटाइमला त्या समुद्राकडे गेल्या आणि तिथे टॅब लावायचंच विसरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात. “भाऊ, मले जाचं आहे. शेवटच्या मॅचले. तिकिटाचं तुम्ही पाहून द्या.”

मी लागलो कामाला. पासपोर्ट निघाला, तिकडे राहायची सोय विचारून झाली. शुभांगीनं लोकरीचे मोजेही आणले. आणि डॉक्टरांनी मोडता घातला. हृदय थकलेलं, विमानाचं नाव काढू नका म्हणाले. ताईंनी वाद घातला नाही. स्वतः आयुष्यभर पेशंटना हेच सांगितलेलं. परत येताना रिक्षात मात्र मफलर तोंडाशी धरून त्या लहान पोरीसारख्या रडल्या. मी बाहेर पाहत राहिलो. मला इतका राग आला होता, आणि रागवायला कोणी नव्हतं.

“गच्चीवर पाहू ताई,” मी म्हटलं. “सगळ्या बिल्डिंगला बोलावू.”

“उभी राहीन मी,” त्या म्हणाल्या. “पुरी मॅच.”

तेही झालं नाही. मॅचच्या आठवड्यात श्वास लागला आणि ताईंना धंतोलीत दाखल केलं, त्यांच्याच जुन्या दवाखान्यात. शनिवारी संध्याकाळी मी टॅब घेऊन गेलो. बाहेर मे महिना पेटलेला होता. ताई उशांना टेकून, नाकात नळी, हाताला सलाइन, नर्सच्या परवानगीशिवाय गळ्यात मफलर. आवाज अगदी बारीक झाला होता.

“दाराकडे टेकडी,” त्यांनी ठरवून टाकलं. “खिडकीकडे समुद्र.”

पहिला हाफ टेकडीकडे. ताईंचा पलंग दाराकडे तोंड करूनच होता, त्यामुळे ठीक. कुरण माणसांनी भरून वाहत होतं. त्या शांतपणे पाहत होत्या, चादरीखाली पाय तेवढे हलत होते. हाफटाइमची शिट्टी झाली. चौकटीत सगळं गाव उठलं आणि फ्लास्क-पिशव्या घेऊन उताराकडे निघालं. पोरं बापाच्या खांद्यावर, म्हातारे काठ्या टेकत.

ताई माझ्याकडे पाहायला लागल्या. काही मागितलं नाही. नुसत्या पाहत राहिल्या, आणि मग खिडकीकडे.

मी बाहेर जाऊन वॉर्डच्या सिस्टरला बोलावलं. वैशाली तिचं नाव. ताईंच्याच हाताखाली शिकलेली. तिला म्हटलं, “सिस्टर, यांचा पलंग फिरवायचा आहे. पाय खिडकीकडे.”

“आत्ता? कशासाठी?”

“बाजू बदलायची आहे त्यांना,” म्हटलं.

वैशालीनं ताईंच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पदर खोचावा तशा बाह्या सरसावल्या. ताईंच्या आवाजात एकदम जुनी मेट्रन आली. “आधी ब्रेक काढ. सलाइनचा स्टँड तू धर, नळीले ताण नको. भाऊ, तुम्ही पायथ्याकडून.” आम्ही तो अवजड पलंग त्या अरुंद खोलीत इंच इंच फिरवला. भिंतीला आपटला, टेबल सरकवावं लागलं, मधेच अडकलो. आणि ताई पडल्या पडल्या हळूहळू टेकडीवरून समुद्राकडे गेल्या. खिडकीत समोरच्या औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी चमकत होती.

“ब्रेक लाव,” ताई म्हणाल्या.

वैशालीनं लावला. लावून पुन्हा पाहिला.

मॅच शून्य-शून्य झाली. इतक्या वर्षांच्या मैदानाचा शेवट, आणि एक धड गोल नाही! मी वैतागलो. ताई नाही वैतागल्या. लोक मैदानात उतरले, रडले, गवताचे तुकडे उपटून खिशात घालून निघून गेले. कॅमेरा बंद करायचं मात्र कोणाला सुचलं नाही. रिकामं कुरण तसंच दिसत राहिलं, उजेडात, वाऱ्यात. मॅचपेक्षा ताईंनी तेच जास्त निरखून पाहिलं.

“तो खांब दिसते का, गंजलेला? तिथं जीनी उभी राहे. अन् तिच्या इकडून मी.”

मी वाकून पाहिलं. एक कागदी कप तिथे वाऱ्यानं गडगडत होता. मग कोणाच्या तरी लक्षात आलं असावं, पडदा काळा झाला.

ताईंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “भाऊ, मी होती न तिथं?”

“होता ताई,” मी म्हटलं. “पुरी मॅच होता.”

“उभी नाही राहू शकली पण.”

“बाजू तर बदलली.”

त्यावर त्या हसल्या. पुढच्या शनिवारपर्यंत त्या राहिल्या नाहीत. वैशालीनं सांगितलं, पलंग पुन्हा सरळ करू का म्हणून तिनं रोज विचारलं, ताई रोज नको म्हणाल्या. जाताना तोंड समुद्राकडेच होतं.

ऑगस्टमध्ये नवा मोसम सुरू झाला. नवं मैदान सपाट आहे. समुद्र दिसत नाही, झाडं नाहीत, सगळं कसं कोरं करकरीत. मी टॅब घेऊन गच्चीवर गेलो, कुंड्यांच्या मधे टेकवला. आम्ही हरत होतो. हाफटाइम झाला, आणि मला कळेना, नव्या मैदानात टेकडी कुठली न् समुद्र कुठला. तरी मी टॅब काखोटीला मारला, तारांखालून वाकलो आणि टाकीकडे चालायला लागलो.

जिन्यावरून शुभांगी वर आली. हातात फ्लास्क. तिनं झाकणात रस्सा ओतला, दोन घोट घेतले आणि झाकण माझ्या हातात दिलं.

“पाय काहून आपटता?” तिनं विचारलं. “खाली धपधप ऐकू येते.”