साडूंचं कानातलं

आमच्या साडूंना या जन्मात एकही वस्तू पसंत पडली नाही, आणि ती पसंत पडत नसताना दर वेळी मी शेजारी उभा होतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रार करायला अंगात त्राण लागतं, ते माझं त्यांच्याबरोबर दुकानं हिंडण्यात संपलं. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का. दोघी बहिणी एकाच गावात दिल्या याचा आनंद सासूबाईंना झाला, आणि तो आनंद पुढे मी वाहिला. साडू सरकारी कचेरीत हेडक्लार्क. रत्नागिरीत मांडवीला, समुद्राच्या अंगाला, भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. मी शाळामास्तर, त्यामुळे रविवारी मला काही काम नसतं अशी त्यांची पक्की समजूत. छत्री घ्यायची झाली तर राम आळीतल्या दुकानातल्या सगळ्या छत्र्या उघडून बघायचे, शेवटी दुकानदार छत्र्यांच्या मागे दिसेनासा व्हायचा, आणि मग साडू म्हणायचे, "छत्र्या वाईट नाहीत हो, पण कापडात जीव नाही." चपलांच्या टाचेत जीव नाही, कंदिलाच्या वातीत जीव नाही. आक्काचा चहा पिऊन सुद्धा म्हणायचे, "चहा बरा झालाय, पण आलं मागे राहिलं." आक्का म्हणायची, "मग पुढच्या कपात येईल ते," आणि कप उचलून न्यायची.

असा माणूस हेडफोनच्या नादी लागल्यावर काय होणार! ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा सुमार असेल. आखातातून येणाऱ्या माणसांमुळे गावात टेपरेकॉर्डर नि टू-इन-वन यांचा सुळसुळाट झाला होता. साडूंनीही मुंबईहून एक स्टिरिओ टेप आणला. पण भिंतीपलीकडे घरमालक, त्यांना दिवे लागले की झोप यायची, आणि भिंतीअलीकडे आक्का, तिला साडूंच्या लाडक्या गवई बुवांचं गाणं सुरू झालं की अर्धशिशी. तेव्हा टेपबरोबर हेडफोनही आला. काळा, पातळ पट्टीचा, दोन्ही बाजूंना स्पंजाच्या चकत्या. आमच्या खाऱ्या दमट हवेत त्या स्पंजाचा वर्षभरात भुगा व्हायला लागला. साडूंनी हेडफोन काढला की दोन्ही कानांवर काळी पूड. कचेरीत कुणीतरी विचारलं सुद्धा, "साहेब, मशेरी कानाला लावता काय?" शेवटी आक्काने जुना फुलाफुलांचा परकर फाडून त्या चकत्यांना टोप्या शिवून दिल्या. त्या टोप्या चढवून, डोळे मिटून, मांडीवर ताल धरून आरामखुर्चीत बसलेले साडू पाहिले की नवा माणूस दारातूनच परत जायचा.

आक्का त्या वस्तूला हेडफोन म्हणायची नाही. तिच्या लेखी ते 'ह्यांचं कानातलं'. "अहो, तुमचं कानातलं खुर्चीवर पडलंय, कुणीतरी बसेल त्यावर," असं ती स्वयंपाकघरातून ओरडायची आणि पाहुणे दचकून साडूंच्या कानांकडे बघायचे. पहिल्यांदा साडूंना राग आला. मग सवय झाली. मग तेच तसं म्हणायला लागले, आणि वर्षभरात त्या घरात आणि आमच्याही घरात हेडफोन हा शब्दच उरला नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पण कचेरीच्या कामाला साडू मुंबईला गेले आणि तिथे एका आतेभावाकडे त्यांनी परदेशी हेडफोन कानाला लावला. चांगला जाड, कान आख्खा झाकणारा. आतेभावाकडे टेप तीच होती जी साडूंकडे होती, बुवांच्या एका मैफलीची. साडू ती शेकडो वेळा ऐकून बसलेले. आणि तरी त्या दिवशी त्यांना तिच्यात नवीनच काहीतरी ऐकू आलं. बुवा समेवर येण्याच्या जरा आधी, डाव्या बाजूला, श्रोत्यांत कुणीतरी अडकित्त्याने सुपारी कातरली. कट्. बस, तेवढंच.

त्या एका कट्‌ने आमचं सगळ्यांचं वाटोळं केलं. साडू रत्नागिरीला परत आले, पिशवी खाली ठेवली, चूळसुद्धा न भरता स्वतःचं कानातलं चढवलं आणि टेप लावली. सुपारी नाही. पुन्हा लावली. सुपारी नाहीच. "बसका आवाज आहे हो माझ्या कानातल्याचा," ते मला म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा पडला होता की मी क्षणभर घाबरलोच. "इतकी वर्षं मी गाणं ऐकतोय असं समजत होतो. मी गाण्याची सावली ऐकत होतो. मरायच्या आधी एकदा ह्या कानांनी, ह्या घरात, ही टेप नीट ऐकायचीय मला. दुसरं काही मागणं नाही."

दुसरं काही मागणं नव्हतं हे खरं, पण ह्या एका मागण्यात मी पुरता भरडला गेलो. घरी कुणीही येवो, साडू त्याच्या डोक्यावर ते परकरवालं कानातलं चढवायचे. "ऐका. आता. आता आलं बघा. काय ऐकू आलं?" "गाणं." "गाणं हो! गाण्याच्या मागे?" मागे काही नाही म्हटलं की साडूंना दुःख व्हायचं, आणि आहे म्हटलं की ते विचारायचे, "डावीकडे की उजवीकडे?" मी मास्तर असून मला त्या खुर्चीत नापास झाल्यासारखं वाटायचं. एकदा दारावर आलेल्या कोळणीलाही त्यांनी सोडलं नाही. ती टोपली खाली ठेवून मिनिटभर मुकाट्याने ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगो बाई, हा रडतोय कशाला? कोण मेलं ह्याचं?" त्यानंतर ती आमच्याकडे बांगडे घेऊन यायची, पण त्यांच्या दाराशी हाक मारायची नाही.

मग शोध सुरू झाला. गावात रेडिओची जी काय चार दुकानं होती त्यांत साडू बुवांची टेप खिशात घालून जायचे आणि असतील नसतील ते हेडफोन लावून बघायचे. एकाचा आवाज 'डब्यातला', एकाचा 'ओला', एकाचा 'नुसताच मोठा, समजूत नाही'. ओला आवाज म्हणजे काय हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. एका दुकानदाराने तर आम्हाला लांबून येताना पाहून शटर अर्धं ओढलं आणि आतून ओरडला, "जेवायला गेलेत मालक!" सकाळचे दहा वाजले होते. पुढे साडूंना कुणीतरी सांगितलं की कोल्हापूरला माल चांगला मिळतो. झालं! आंबा घाट चढून एस.टी.ने कोल्हापूर गाठलं, दिवसभर तिथली दुकानं पालथी घातली, माझं डोकं आणि पाय दोन्ही बधिर झाले, आणि संध्याकाळी आम्ही गुळाची ढेप घेऊन परत आलो. ढेप माझ्या मांडीवर होती. साडू खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "गूळसुद्धा काही खास नाही."

ह्या सगळ्यातून सुटका करणारा माणूस मला देवानेच पाठवला असं तेव्हा वाटलं होतं. साडूंच्या शेजारचा बशीर. दुबईला नोकरीला, मोठा गुणी पोरगा, सुट्टी संपवून परत निघाला होता. साडूंनी पैसे आधीच त्याच्या हातात कोंबले होते, पण वस्तू काय आणायची ते निवांत सांगायचं म्हणून राहिलं होतं, आणि ते सांगायला आम्ही पोचलो तेव्हा स्टँडवर मुंबईच्या गाडीचं इंजिन सुरू झालं होतं. कंडक्टर घंटा मारतोय, माणसं पोती टपावर चढवतायत, बशीर खिडकीत आणि साडू खाली.

"काय आणू काका?" बशीर ओरडला.

"कानातलं!" साडू ओरडले. "चांगलं बघ! हलकंफुलकं नको, वजनदार पाहिजे! कान झाकला गेला पाहिजे!"

"बरं! काकींची पसंती काय?"

"तिला कशाला विचारतोस? तिला कळता कामा नये!" गाडी हलली, तसे साडू बरोबर पळायला लागले. "दोन्ही कानांना सारखं बसलं पाहिजे! आणि तासन्‌तास घातलं तरी दुखता नये!"

"समजलो काका!" बशीर हसला, हात हलवला आणि गाडी गेली. मी तिथेच उभा होतो. मी मराठीचा मास्तर. माझ्या डोक्यात काही म्हणता काही आलं नाही, इतका तो शब्द आमच्या घरांत मुरला होता.

पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सुखाचं. साडूंनी गाणं ऐकणंच बंद केलं. "कान ताजे ठेवतोय," म्हणाले. बुवांची टेप त्यांनी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. आक्काची अर्धशिशी गेली, कोळीण पुन्हा दाराशी हाक मारायला लागली, आणि मी रविवारी दुपारी आडवा होऊ लागलो.

मे महिन्यात बशीर आला. मी तिथेच होतो, आंबे घेऊन गेलो होतो. बशीर आत आला, आक्काच्या पाया पडला आणि खिशातून एक छोटी लाल मखमली डबी काढून तिच्या हातात ठेवली. "काकी, काकांनी मागवलंय. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं, पण आता काय लपवायचं!"

साडू खुर्चीतून उठले आणि डबीकडे बघून माझ्या कानात पुटपुटले, "एवढ्याशा डबीत? ह्या जपान्यांचा काही नेम नाही हो!"

आक्काने डबी उघडली. सोन्याची, पानाच्या आकाराची, कानाची पाळी भरून जाईल अशी दोन कानातली. मुलीच्या लग्नात तिने स्वतःच्या कानातल्या कुड्या उतरवून मुलीला घातल्या होत्या, आणि तेव्हापासून भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत खराट्याच्या काड्या घालून ती वावरायची. ते आम्ही सगळेच रोज बघत होतो. तिने साडूंकडे पाहिलं आणि विचारलं, "अहो, माझ्यासाठी?"

"वजनात जरा कमी आलंय काका," बशीर ओशाळून म्हणाला, "पण दोन्ही कानांना सारखं बसेल, बघा तुम्ही."

साडूंचं तोंड उघडं होतं. ते माझ्याकडे बघायला लागले, तसा मी चहाच्या कपात तोंड खुपसलं, आणि तो कप रिकामा होता. आता हा माणूस बोलणार. छत्रीला, चपलेला, गुळाला बोलला तो माणूस ह्याला बोलल्याशिवाय राहतोय कुठला! मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, एकदा ह्याची जीभ धर. आक्काने त्या काड्या काढल्या आणि एकेक कानातलं चढवलं. मग साडू तिच्याजवळ गेले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "दुखत नाही ना?"

"नाही हो," आक्का म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी मांडवीच्या वाळूत फिरताना मी त्यांना धरलं. म्हटलं, "अहो, बशीरला तरी सांगा. पुढच्या खेपेला खरा हेडफोन आणेल." ते माझ्यावर खेकसलेच. "खबरदार! त्याने आईला सांगितलं आणि आईने हिला सांगितलं तर? तिच्या कानात काड्या होत्या हो. माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी मेला सुपारी शोधत गावभर हिंडलो आणि ते मला दिसलं नाही. आता हे माझ्याबरोबर जाईल. तुम्ही कुठे बोललात तर तोंड बघणार नाही तुमचं." साडू कधी रडवेले होतील असं मला वाटलं नव्हतं. मी त्यांना शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली. दाणे खवट आहेत असं ते म्हणाले नाहीत, यावरून काय ते समजा.

पावसाळ्याच्या तोंडावर एकदा सहज त्यांच्याकडे गेलो. साडू आरामखुर्चीत, डोळे मिटलेले, जुनाच हेडफोन डोक्यावर. परकराच्या टोप्यांचीही आता चिंधी झाली होती. आक्का माझ्यासमोर तांदूळ निवडत बसली. कानात ती पानं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "शोभतात हो आक्का तुम्हाला. साडूंची पसंती चांगली."

आक्का तांदळातून मान वर न करता, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भावोजी, तुम्हीसुद्धा? डबी उघडली तेव्हा ह्यांचा चेहरा मी पाहिला ना. मी काय आंधळी आहे? कुणी काय मागवलं होतं ते मला तिथेच कळलं."

मी चपापून साडूंकडे बघितलं. ते ताल धरून होते.

"काही ऐकू येत नाही त्यांना," ती म्हणाली. "परत करते म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण तेवढ्यात विचारलं त्यांनी, दुखत नाही ना म्हणून. इतक्या वर्षांत मला दुखतंय का, हे कधी विचारलं नव्हतं हो त्यांनी. मग कशी परत करू? तुम्ही सांगू नका हं त्यांना. आयुष्यात एक गोष्ट पोटात ठेवता आली म्हणून इतके खुशीत आहेत बिचारे. राहू देत."

इतक्यात साडूंनी डोळे उघडले, कानातलं तसंच ठेवून, आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नसणार अशा आवाजात ओरडले, "काय म्हणते ती?"

मी आक्काकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती.

"चहा घेता का विचारतायत," मी ओरडलो.

"घेऊ की!" साडू म्हणाले आणि त्यांनी पुन्हा डोळे मिटले.