मुंगळा डावीकडं का वळला

माझा मुंगळा खांबावर जाऊन आपटायचा. एकदा नाही, दरवेळी. सहा पायांचा, बारा चिमुकल्या मोटारींचा, डोक्यावर अंतर मोजणारे दोन सेन्सर असलेला तो यांत्रिक किडा मी स्वतःच्या हातानं जोडला होता आणि त्याच्या पायांत माझं एम.टेक. अडकलं होतं. मुदतवाढ घेऊन झाली होती, तिच्यावरची मुदतवाढही घेऊन झाली होती. पंधरा दिवसांनी बाहेरचे परीक्षक येणार. तेव्हा तो नीट चालला नाही तर नोंदणी रद्द, आणि पदवी नाही म्हटल्यावर कॉलेजातली माझी कंत्राटी मास्तरकीही गेली. "या वेळी माझ्या हातात काही नाही," असं गाइड मॅडमनी स्पष्टच सांगितलं होतं. पस्तिशीची बाई मी, वर्गात पोरांना दरडावणारी, आणि रिक्षात बसून रडत हर्सूलला घरी यायचे.

त्याला चालवायची माझी पद्धत फझी लॉजिकची. नाव अवघड, गोष्ट सोपी. साधं यंत्र विचारतं, अडथळा आहे की नाही? हो तर एक, नाही तर शून्य. पण आपण असं कुठं बोलतो? चहात साखर आहे का विचारलं तर आपण 'बेताची आहे' म्हणतो. फझीत हे बेताचं, जरासं, बक्कळ असं सगळं शून्य आणि एकच्या मधे बसवता येतं. 'डावीकडं जरा जवळ काही असेल तर उजवीकडं थोडं वळ' असे नियम लिहायचे, जो नियम जितका खरा तितकं त्याचं ऐकायचं आणि शेवटी सगळ्यांची सरासरी काढून पाय टाकायचा. मला हे लई आवडायचं. यंत्राशी घरच्यासारखं बोलता येतं.

भिंतीशी, पायरीशी तो शहाण्यासारखा वागायचा. ओसरीवरचा सिमेंटचा खांब बरोबर नाकासमोर आला की मात्र सरळ चालत जाऊन धडकायचा. मी मोटारी बदलल्या, वायरी बदलल्या. उजव्या सेन्सरचा आकडा एकदा जरासा हलला, तर पाव तासात माझ्या लक्षात आलं आणि दुसऱ्या दिवशी नवा बसवला. प्रत्येक चूक तारीख, वेळ घालून वहीत लिहीत होते. दोन वह्या भरल्या आणि खांब काही सुटेना. देवाशपथ सांगते, तो किडा उचलून विहिरीत टाकावा असं वाटायचं.

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझे वडील. आबांनी सगळं आयुष्य पिशोरच्या डोंगरात मेंढरं राखली. आई गेल्यावर मेंढरं विकून ते माझ्याकडं आले. त्या दिवसांत मी त्यांच्यावर लई खेकसायचे. ते चौकटीला खांदा आपटायचे, पेल्यात ओतताना पाणी बाहेर सांडायचे. "आबा, बघून करा ना जरा! मला तुमच्यामागं फरशी पुसायला वेळ आहे का?" मी ओरडायचे. ते "व्हय व्हय" म्हणायचे आणि धोतराच्या सोग्यानं पाणी टिपायचे. एक दिवस त्यांनी आपली बाज उचलून दुसऱ्या भिंतीला लावली, दार डाव्या हाताला येईल अशी. त्याचाही मला रागच आला होता. माझ्या टेबलाची जागा गेली म्हणून.

परीक्षेला चार दिवस उरले. रविवारची दुपार होती, कूलर घरघरत होता. मी ओसरीवर किड्याला सोडलं. गेला, आणि धडकला. पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. मी तिथंच फरशीवर बसले आणि कपाळावर हात मारला. आबा बाजेवरून बघत होते.

"मेंढरू बी असं करत नाय," ते म्हणाले. "खांब आडवा आला तर कुणीकडं तरी वळतंय की."

"तुम्हाला काय कळतं यातलं? गप बसा ना!"

पण 'कुणीकडं तरी' डोक्यातून जाईना. मी नियम पुन्हा काढून वाचले. खांब बरोबर मधे असला की 'डावीकडं वळ' अर्धं खरं आणि 'उजवीकडं वळ'ही अर्धंच खरं. दोन्हींची सरासरी म्हणजे सरळ! बिचारा माझंच ऐकत होता. मी आठ आठवडे वायरी बदलत होते.

"आबा, समजा दोन्हीकडं सारखीच वाट आहे. मेंढरं कुणीकडं घालायची?"

"डावीकडं घाल."

"डावीकडंच का पण?"

"मला तिकडंच बरं पडतंय," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

बरं पडतंय म्हणे! पण मला एक बाजू हवीच होती. डाव्या नियमाचं वजन मी किंचित वाढवलं. किडा खांबापाशी आला, घुटमळला आणि सहाही पाय खुडखुड करत डावीकडं वळून निघून गेला.

परीक्षेत तसाच वळला. परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "मॅडम, डावीकडंच का?" मी म्हटलं, "सर, कुठलीही एक बाजू चालते, फक्त ठरवावी लागते." ते हसले, त्यांनी सही केली. गाइड मॅडमनी माझी पाठ थोपटली आणि मी पुन्हा रडले.

येताना पेढे घेतले. आबा बाजेवर बसले होते. मी उजव्या बाजूनं जाऊन पेढा त्यांच्या तोंडाजवळ धरला. "आबा, पास झाले!" ते हसले आणि दाराकडं तोंड करून म्हणाले, "कुठं हायेस? पुढं ये की, बाई." पेढा त्यांच्या उजव्या गालापासून चार बोटांवर होता.

मी त्यांचा डावा डोळा तळहातानं झाकला. "आता दिसते का मी?"

"नाय दिसत. त्या डोळ्याचं जाऊ दे. तुझी परीक्षा झाली ना?"

दुसऱ्याच दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले. मोतीबिंदू असावा म्हणून वाटभर देवाला विनवत होते. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, डावा डोळा आता सांभाळायचा, एवढंच त्या म्हणाल्या. मग कागद पुढं ओढून मला विचारलं, "उजव्या डोळ्यानं कमी दिसायला कधीपासून लागलं?"

किड्याच्या एकूण एक चुकीची तारीख माझ्या वहीत होती. मी आबांकडं बघितलं.

"लिवा काय बी," आबा डॉक्टरांना म्हणाले. "तिला काय ठावं? ती कामात होती."