तहकूब सभेचा वैरी

कुठंही गेले की आमचे वकीलसाहेब आधी उजव्या हाताचं बोट हवेत फिरवून माणसं मोजायचे. लग्नातसुद्धा. जळकोटजवळच्या एका मांडवात नवरीचा मामा सापडत नव्हता आणि सगळं खोळंबलं होतं, तेव्हा वकीलसाहेब बोट खाली घेत म्हणाले, "कोरम हाय. लावा लगीन!" नवरीही हसली.

तालुक्याच्या कोर्टात त्यांची वकिली बेताचीच. काळा कोट मात्र भर वैशाखात, भाजीबाजारातही अंगावर. असे कोट तुम्हीही पाहिले असतील. आत माणूस आहे की नाही अशी शंका येते. मला ती बरीच वर्षं होती.

आमच्या गावात ग्रामसभेची एक रीत होती. पहिल्या सभेला कुणी जायचंच नाही. कोरमपुरती माणसं नसली की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे गावाला तोंडपाठ. मग पुढच्या खेपेला चार-दोन जण चहा पिता पिता गावाचं भवितव्य ठरवत आणि बाकीचे पारावर बसून त्या भवितव्याला शिव्या देत. मी गावचा मास्तर; वकीलसाहेब माझ्यापाशी येऊन खवळायचे. "गुरुजी, कायद्यानं दार उघडं ठेवलंय, आन ही माणसं भिंतीवरून उड्या मारत्यात!"

मग सौर प्रकल्प आला. गायरानावर सौर पॅनल बसवायची आणि शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची. गावाला ती हवीच होती. रात्री विंचूकाट्यात पाणी धरायची हौस कुणाला असते? प्रकल्पाच्या साहेबांनी 'हरित भविष्या'वर लांबलचक भाषण केलं. हिरवं म्हणजे काय हे मेंढरांना जास्त कळतं, पण त्यांना बोलावणं नव्हतं. त्या गायरानावर ज्यांची मेंढरं चरायची ती धनगरांची घरं तेव्हा कळप घेऊन उमरग्याकडं गेलेली. जागेसाठी गावाचा ठराव हवा होता, आणि तो त्यांच्या माघारी होणार होता.

वकीलसाहेब अडून बसले. त्यांचा धाकटा भाऊ शेती बघायचा. तो तडकला, "दादा, वीज आपल्यालाच पायजे ना? मग गप ऱ्हावा की!"

"पायजेच. पर चोरून न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते कोटासकट माझ्या स्कूटरवर मागं बसले आणि आम्ही धनगरांच्या तळावर पोचलो. कळपाची कारभारीण मालन. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमी समदी सभंला आलो तर मेंढरं कोण राखंल? तुमी?"

"राखतो की."

तिनं पदर तोंडाला लावला. "कोट घालून?"

सभेच्या दिवशी ते खरोखरच तळावर राहिले. जन्मभर ज्या भरलेल्या सभेची वाट पाहिली ती भरली, आणि हे तिथं नव्हते.

मालन उभी राहिली. "विजंला आमची ना न्हाय. वरचा माळ घ्या, तितं दगडंच हायत. खालचा वढा आन गवत तेवढं सोडा."

प्रकल्पाचे साहेब म्हणाले, नकाशा बदलावा लागेल.

"मग बदला की!" मागून आवाज आला. वळून पाहिलं तर वकीलसाहेबांचा भाऊ.

ठराव तसाच झाला.

संध्याकाळी तळावर परतलो तेव्हा वकीलसाहेब नुसत्या सदऱ्यात बसले होते. दुपारी एक मेंढी व्याली होती आणि कोट कोकराखाली अंथरला होता. ठराव काय झाला हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, "कोण बोललं?"

"मालन."

"आन कोण?"

"तुमचा भाऊ."

त्यांनी मेंढरांकडं तोंड वळवलं आणि म्हणाले, "गुरुजी, ही मेंढरांची जात लई आडमुठी हाय. एक बी ऐकत न्हाय."

आता वकीलसाहेब नाहीत. वरच्या माळावर पॅनल तळपतात, त्यांच्या भावाचा ऊस दिवसा भिजतो, खाली मेंढरं चरतात. ग्रामसभा पहिल्याच बैठकीत होते. धनगर कुठंही असले तरी त्या दिवशी गावातलं कुणीतरी त्यांच्या तळावर जाऊन बसतं. यंदा पाळी माझी होती. सभेत काय ठरलं, ते मालननं मला संध्याकाळी येऊन सांगितलं.