सुपडूभाऊंचा बिल्ला

आधीची तीन मुलं दगावली म्हणून याच्या आईनं याला सुपात घालून शेजारणीला दिलं आणि पसाभर जोंधळे देऊन परत विकत घेतलं. मरणाला चकवायची आमच्याकडची जुनी युक्ती. म्हणून नाव सुपडू. एवढ्या खटाटोपानं वाचवलेला माणूस इतका मूर्ख निघावा, याची मला चीड येते.

पाचोऱ्याच्या आमच्या खासगी दवाखान्यात मी केसपेपर काढते आणि सुपडूभाऊ वीस वर्षं एक्स-रे. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा बिल्ला त्यांच्या छातीवर असायचा. दर तीन महिन्यांनी तो मुंबईला तपासायला जाई. भाऊंनी मात्र त्याला ताईतच मानलं होतं. शिशाचा एप्रन फाटलेला, तरी रडकी पोरं धरून मशीनसमोर उभे!

“भाऊ, मीटर वीज मोजतं, शॉकपासून वाचवत नाही,” मी म्हणायची.

“ताई, मन्हा बिल्ला शे ना! बठ्ठा किरनं तोच खाई लेस.”

सगळी किरणं म्हणे बिल्लाच खातो. गाढवापुढे वाचली गीता!

एकदा आकडा मर्यादेबाहेर गेला आणि चौकशीचं पत्र आलं. अशा वेळी माणसाला मशीनपासून दूर ठेवायचं, त्याचं रक्त तपासायचं. पण आमचे डॉक्टर पोचलेले. त्यांनी भाऊंच्याच हातानं लिहून घेतलं, की बिल्ला चुकून मशीनपाशी राहिला होता. मग आकडा पुन्हा चढू नये म्हणून बिल्ला ड्रॉवरमध्ये गेला. “दमलाय तो. इथूनही तुझी राखण करील,” डॉक्टर हसत म्हणाले, आणि या शहाण्यानं ड्रॉवरला हात जोडले. पुढचा आकडा शून्य आला तेव्हा पेढे वाटले. मीही खाल्ला. ड्रॉवरमधले बिल्ले पाकिटात घालून पोस्टात टाकणारी मीच, दुसऱ्याला काय नावं ठेवू?

यंदा भाऊंचं रक्त घटत गेलं. जळगावच्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, किरणं किती लागली? भाऊंनी पिशवीतून अभिमानानं सगळे रिपोर्ट काढले. जुने मर्यादेतले, मग शून्य, शून्य, शून्य. जो एक मर्यादेबाहेरचा होता, त्याला त्यांच्याच सहीचा कागद टाचलेला.

“मग हे कामामुळे झालं असं मी कसं लिहू?” डॉक्टर म्हणाले.

काल भेटायला गेले तर भाऊ खाटेवरून हळूच म्हणाले, “नूतनताई, मन्हा बिल्ला आनी दे. आते तो जोयजे.”

संताप संताप झाला. तरी आज ड्रॉवर उघडला आणि बिल्ला नेऊन दिला. भाऊंनी तो मुठीत धरला आणि निर्धास्त झोपी गेले.