शाळेच्या वेळेलाच दुखणारं पोट

मी चौथीत होते. शाळेतून आले तर दाराला कुलूप. वीटभट्टीचा ट्रक ठरल्यापेक्षा आधीच आला आणि आई-बाबा निघून गेले होते. शेजारच्या मावशीनं मला घरात घेतलं. दिवाळी झाली की ते भट्टीवर कामाला जायचे, ते थेट पावसाळ्याच्या तोंडावर यायचे. माझी शाळा बुडू नये म्हणून मला मावशीकडे मागे ठेवायचे. तशीच शिकले. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी, आणि हे मी छाती काढूनच सांगते.

माझी पोरगी अभ्यासाला कंटाळली की तिलाही मी हेच ऐकवायची. "कुलूप पाहून मी रडले नाही. तिथंच बसून गणितं सोडवली."

ती तिसरीत गेली आणि तिचं पोट दुखायला लागलं. शाळेचा ड्रेस घातला की दुखायचं, ऑटो निघून गेला की थांबायचं. सोनोग्राफीत काही निघालं नाही. सासूबाई म्हणाल्या, बेंबी सरकली. रोज तेल लावून चोळायच्या. मी रिसोडच्या कचेरीत नोकरीला, पण कामात जीव नाही. सारखा फोन उचलून बघायचा. पोरगी वाळत चालली होती. हिची शाळाच सुटते की काय, एवढंच डोक्यात फिरायचं.

"इतकी शिकली तू, अन् पोरीचं पोट नाही समजत तुले," सासूबाई म्हणाल्या.

"मंग बेंबी ऐतवारी काहून नाही सरकत, थे तुमी सांगा."

त्यांनी तेलाची वाटी पुढं ओढली.

शेवटी वाशिमला मुलांच्या समुपदेशक बाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "का दुखतं, हे विचारणं बंद करा. काहीतरी काम घेऊन तिच्याजवळ बसा. बोलली तर ऐका, मध्ये शिकवू नका."

मला ते जमेना. गप्प बसायची सवयच नाही. तरी तुरीच्या शेंगा घेऊन बसले. दोन दिवस ती नुसत्या शेंगा सोलत राहिली. तिसऱ्या दिवशी मान खाली घालूनच म्हणाली, "आई, कुलूप पाहून तू खरंच नव्हती रडली?"

"रडली होती. लय रडली."

"मी शाळेत गेल्यावर तुमी बी गेले त?"

‘येडी का तू’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. जी गोष्ट मी हिंमत यावी म्हणून सांगत होते, तिच्यातून पोरीनं फक्त कुलूप उचललं होतं.

"भेव वाटते का तुले?"

"हाव."

त्या दिवसापासून रोज सकाळी तिला सांगायला लागलो, आज शाळेतून आल्यावर दार कोण उघडणार. रिसोडहून येताना माझी बस चुकली तर मी शाळेत फोन करायची. आठवडाभर बरं चाललं, मग पुन्हा पोट धरून बसली. पुन्हा वाशिम. सासूबाईंनी तेलाची वाटी काही सोडली नाही, पण चोळता चोळता म्हणू लागल्या, "मी घरीच हावो वं बाई, कुठीच नाही जात."

आता पोरगी चौथीत आहे. रोज शाळेत जाते, डबा संपवून येते. भीती वाटली की तसं सांगते.