एका नावाचा एकच डबा

सातपाटीच्या ताईंनी साहेबांना माझ्याबद्दल शब्द दिला, म्हणून मी आज तारापूरजवळ सरावलीच्या भाड्याच्या खोलीत आहे. नाहीतर कधीच नांदेडकडे परतलो असतो. नववीत शाळा सुटलेली. तारापूरच्या कारखान्यांत रसायनं मिसळणाऱ्या यंत्रांचे प्रोग्राम लिहिणाऱ्या छोट्या ऑफिसात ताईंच्या हाताखाली लागलो. साहेबांनी एक काम दिलं: जमलं तर राहायचं, नाही तर घरी.

यंत्राला सूचना द्यायची आमची स्वतःची भाषा होती. आकडा ठेवायचा तर आधी त्याच्या नावाचा डबा जाहीर करायचा: ‘नवे’, ‘पक्के’ किंवा ‘तात्पुरते’ लिहून. मधल्या टप्प्यात कुणी पुन्हा ‘नवे तापमान’ लिहिलं, की त्याच नावाचा दुसरा डबा तयार होई आणि टप्पा संपताच नाहीसा होई. ऑपरेटरला वाटे आकडा बदलला. यंत्र पुढे जुनाच वाची. हे मिटवायचं होतं.

मी नियम वाढवला: नाव पुन्हा जाहीर केलं की यंत्र थांबणार. कारखान्यातून फोनवर फोन: यंत्र सारखं थांबतंय.

"इथं तोंड पाडून काय बसलास? शिफ्ट बदलताना जाऊन उभा ऱ्हा," ताई म्हणाल्या.

कारखान्यात गेलो. नव्या शिफ्टच्या ऑपरेटरनं आधी मागच्या शिफ्टनं आकडे लिहिलेला फळा पुसला आणि तेच आकडे पुन्हा स्वतः लिहिले. मी म्हटलं, तेच तर होते!

"उसका लिखा उसका, मेरा लिखा मेरा," तो हसला. "गड़बड़ हुई तो साहब तेरे को पूछेगा क्या?"

मग पडद्यावरही त्यानं आपल्या टप्प्यात लिहिलं: नवे तापमान.

परतून मी म्हणालो, "ताई, ते ‘नवे’ लिहायचं सोडणार नाहीत. जाहीर करणंच काढू या? एका नावाचा एकच डबा. पहिल्यांदा लिहिलं की तयार होईल, पुन्हा लिहिलं की त्यातलाच आकडा बदलेल."

"आनि जुन्या प्रोग्रामांत ‘नवे’ हाय त्याचं?"

"असू दे. यंत्र त्या शब्दाकडे बघणार नाही."

"मग वाट कोनाची बघतोस? काढ!"

‘पक्के’ मात्र त्यांनी काढू दिलं नाही. त्यात सुरक्षेच्या मर्यादा असतात, त्या कुणालाच बदलता येता कामा नयेत.

टाकीत नुसतं पाणी भरून चाचणी घेतली. दुसऱ्या टप्प्यात बदललेलं तापमान तिसऱ्यात तसंच टिकलं. साहेब पडदा बघून म्हणाले, "ऱ्हा आता इथंच."

"आईला फोन कर आधी," ताई म्हणाल्या.

ताईंना अजूनही जेवताना कारखान्यांचे फोन येतात. ही भाषा मी इतकी शिकेन, की एक दिवस ते सगळे फोन मलाच येतील आणि ताई निवांत जेवतील.