कोरड्या ओळीतली चार झाडं

हिंगणीच्या स्टँडवर मी एसटीत चढत होते, तेव्हा काकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तूर शिकाले परदेशात काऊन जातं वं? तूर तं आपल्याच वावरात हाय." अख्खा स्टँड हसला. मी नाही हसले. आत बसल्यावर खिडकीतून म्हटलं, "वावरात हाय म्हणूनच जाऊन राह्यली." बाबा एवढंच म्हणाले, "पोचली की फोन करजो." सेलू येईपर्यंत माझा राग उतरला नव्हता.

तर गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे बॅगा घेऊन पांगलेल्यांनो, मी जर्मनीत खरंच तूर शिकते. पाणी तुटलं की झाड काय करतं, हा माझा विषय. भर दुपारी पानं उभी झाली की बाबा नुसतं बघून सांगतात, तहानली. मी त्याच पानाला यंत्राची चिमटी लावून त्याची रंध्रं किती उघडी आहेत ते मोजते. मग ते पान गोठवून आतली कोणती जनुकं चालू आहेत ते वाचून घेते. इथे लॅबमध्ये दिव्यांखाली कुंड्यांत रोपं वाढवतात. मी हट्टाने प्रयोगाचा प्लॉट आमच्या वावरात घेतला. कुंडीतल्या झाडाला हिंगणीचं ऊन काय डोंबल कळणार?

दिवाळीनंतर मी घरी गेले होते. अर्ध्या ओळी ओलिताच्या, अर्ध्या मुद्दाम कोरड्या. पानं घेतली, जनुकं वाचायला नमुने नागपूरच्या लॅबमध्ये दिले आणि परतले. मग आकडे आले. कोरड्या ओळीतली चार झाडं यंत्रावर तहानलेली होती, पण त्यांची जनुकं पोटभर पाणी प्यायल्यासारखी शांत. माझे जर्मन सर म्हणाले, लेबलांची अदलाबदल झाली असणार. ही चार काढून टाक, आणि पुढच्या वर्षी प्लॉट बंद, कुंड्यांवर काम कर. माझी सगळी पीएचडी त्या प्लॉटवर होती. आणि लेबलं मी स्वतः दोनदा तपासली होती.

आईला फोन केला. त्या चार झाडांचं सांगितलं. ती म्हणाली, "मीच टाकलं बा पाणी. तू पानं नेली त्याच्या आदल्या दिवशी सांजेले, बादलीनं. बांधाजवळची होती, सुकून राह्यलती."

मी चिडले, रडले, नको ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. "तुह्या बाबाले सांगतलं, त्या सरले सांगतलं. मले कोनं सांगतलं होतं?"

खरं होतं. स्लाइडी दाखवून मी पीएचडीच्या अख्ख्या कमिटीला समजावलं होतं. जी बाई रोज त्या वावरात असते, तिला एक वाक्य सांगितलं नव्हतं. लाज वाटली मला. आता काय करू, असं तिलाच विचारलं.

"लिही न, मायनं पाणी टाकलं म्हनून. खोटं काऊन लिवतं?"

लिहिलं. सरांनी अहवालातलं ते वाक्य दोनदा खोडलं, मी दोनदा परत घातलं. ती झाडं म्हणजे चूक नाही. पाणी मिळालं की तुरीची आतली धास्ती लगेच निवते, पानांची रंध्रं मात्र दुसऱ्या दुपारीही बिचकून मिटलेलीच राहतात, असं ती झाडं सांगत होती. चार झाडांवर काही सिद्ध होत नाही, हे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणून तर यंदा तेच मुद्दाम करायचंय, ओळीच्या ओळी, आणि हिंगणीतच.

त्यासाठीच्या अर्जात प्लॉटच्या जबाबदार व्यक्तीचा रकाना आहे. तिथे मी आईचं नाव लिहिलं. शिक्षण सातवी. अनुभव कळायला लागल्यापासून. सर म्हणाले, प्लॉट चालेल, पण तिथे कुणी शिकलेला माणूस टाक, नाहीतर मी सही करणार नाही. आईला सांगितलं तर म्हणते, "काढून टाक बाप्पा माह्यं नाव, तुह्यं काम नको अडू."

नाही काढलं. इतकी वर्षं मला घर म्हणजे मागे सोडून आलेली जागा वाटायची. आता घर म्हणजे त्या रकान्यातलं नाव आहे. सही होवो न होवो, ते मी खोडणार नाही.